पऱ्हाटीच्या वावरात समुद्री शेवाळ

[दृश्य : ऑगस्टची सकाळ. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावचं कृषी केंद्र.]

पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, पाती (फुलाच्या कळ्या) लागली की दुकानात टॉनिकची विचारपूस सुरू होते. "पाते गयून रायले भाऊ, काही द्या ना." दुकानदार फळीवरून एक बाटली उतरवतो. आत गडद तपकिरी द्रव, बोटाला चिकटणारा. झाकण उघडलं की खारा, किंचित मासळीसारखा वास येतो. समुद्र इथून सहाशे-सातशे किलोमीटर लांब, पण बाटलीत आहे समुद्री शेवाळाचा अर्क.

[दृश्य : रामनाथपुरमचा किनारा, पाण्यावर बांबूचे तराफे.]

तामिळनाडूत मंडपमच्या आसपास कप्पाफायकस नावाच्या लाल शेवाळाची शेती होते. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद बांबूचा तराफा, त्याला दोऱ्या, दोऱ्यांना शेवाळाचे तुकडे. साधारण 45 दिवसांत काढणी. ताजं शेवाळ दळून पिळलं की निघणारा रस शेतीला जातो आणि चोथ्यापासून कॅरॅजीनन, म्हणजे खाण्याच्या पदार्थांना दाटपणा आणणारा घटक, काढतात. ही पद्धत भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेने बसवली. किनाऱ्यावरचे शेतकरी शेवाळ सरळ खड्ड्यात कुजवतात. आपल्याला ते परवडणार नाही. ओल्या शेवाळात बहुतेक पाणीच असतं, भाडं पाण्याचंच भरावं लागेल. वर त्यातलं मीठ. अकोला-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात जमीन आधीच क्षारांनी बेजार आहे, तिथे न धुतलेलं शेवाळ टाकणं म्हणजे दुखणं विकत घेणं.

[दृश्य : बांधावर पंप भरला जातोय.]

आता मुद्द्याचं. हे खत नाही. नत्र-स्फुरद त्यात नावापुरतं, पालाश थोडं. काम करतात ते ऑक्झिन, सायटोकायनिन ही वाढीची संप्रेरकं आणि ताण सोसायला मदत करणारं बीटेन असले घटक, तेही अगदी कमी मात्रेत. त्यांनी मुळं वाढायला आणि झाडाला ताण सोसायला मदत होऊ शकते. पण पाते गळतात ते कधी वावरात पाणी साचल्याने, कधी सलग ढगाळ हवेने, कधी अळीने. गुलाबी बोंडअळी शेवाळाच्या रसाने मरत नाही, आणि डीएपी खताची गोणीही या बाटलीने वाचत नाही. 2021 साली खत नियंत्रण आदेशात जैव-उत्तेजकांचा, म्हणजे खत नसून पिकाच्या वाढीला चालना देणाऱ्या अशा पदार्थांचा, वेगळा वर्ग झाला. बाटलीवर तसा उल्लेख, उत्पादकाचा पत्ता आणि मात्रा नसेल तर ती खुशाल परत करावी.

मात्रा लिटरला 2 मिली लिहिली असेल, तर 15 लिटरच्या पंपाला 30 मिली. झाकणाने अंदाज नको. आणि "एकाच फवाऱ्यात उरकून टाकू" म्हणून तीन-चार कीटकनाशकांत हेही ओतायची सवय सोडलेली बरी. 2017 साली याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली. अर्क स्वतः विषारी नाही, पण पंपात सोबत काय आहे ते बघून तोंडाला फडकं, हातात मोजे हवेतच.

[दृश्य : स्वयंपाकघर. दुधात उकळणारे पांढरे धागे.]

शेवाळ आपण खातोही, फक्त माहीत नसतं. आइस्क्रीमच्या पाकिटावर 407 दिसलं तर ते कॅरॅजीनन. आणि किराणा दुकानातलं चायना ग्रास तर शेवाळापासूनच काढलेलं. मन्नारच्या आखातात बायका बोटांना चिंध्या गुंडाळून, बुडी मारून खडकांवरचं शेवाळ खुडतात, त्यातून ते तयार होतं. लिटरभर दुधाला साधारण 10 ग्रॅम, पूर्ण विरघळेपर्यंत उकळायचं. जिलेटिनची जेली पस्तीस अंशांच्या आतच पाणी होते. हे पंच्याऐंशीच्या आसपास गेल्याशिवाय वितळत नाही, म्हणजे आपला मे महिना त्याला काहीच नाही. घट्ट मात्र चाळिशीच्या खाली होतं, त्यामुळे भर दुपारी भांडं माठाच्या पाण्यात ठेवावं लागतं. कोरियात बाळंतिणीला शेवाळाचं सार देतात. आपल्याकडे कुणी हौसेने मागवलंच, तर थायरॉइडचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. काही शेवाळांत आयोडीन फार असतं.

[दृश्य : कापसाचे ढीग, मग छापील सुती कापड.]

एक गंमत. सुती कापडावर रिअ‍ॅक्टिव्ह रंगाची छपाई करताना रंग पसरू नये म्हणून त्यात तपकिरी शेवाळातलं सोडियम अल्जिनेट मिसळतात. स्टार्च वापरलं तर रंग त्यालाच धरतो आणि कापड ताठर होतं. अल्जिनेट धुतलं की निघून जातं.

[दृश्य : पुन्हा वावर. पिकाच्या चार तासांवर, म्हणजे ओळींवर, खुणेच्या काड्या.]

बाटली घेतलीच असेल, तर चार तास सोडून द्यायचे. त्यांच्यावर नुसत्या पाण्याचा फवारा, शेजारच्या चार तासांवर अर्काचा. बाकी खत-औषध सारखंच. प्रत्येक वेच्याला दोन्हीकडचा कापूस वेगळा मोजायचा, वहीत लिहायचा. जास्तीच्या कापसाचे पैसे एका बाजूला, बाटली आणि फवारणीची मजुरी दुसऱ्या बाजूला. पुढच्या ऑगस्टमध्ये दुकानात जाताना ती वही सोबत न्यायची.