कंपोस्टच्या ढिगातलं शब्दकोडं

श्रोतेहो, नमस्कार.

एकदा मी कंपोस्टच्या ढिगातून एक शब्दकोडं बाहेर काढलं होतं. आडवे शब्द, उभे शब्द, सगळं जागच्या जागी, पेन घेऊन सोडवायला बसावं इतकं स्वच्छ. घरात साठलेली रद्दी मी गठ्ठ्यानेच ढिगात सारली होती, वर भाजीची देठं आणि फळांच्या साली पसरल्या होत्या आणि चार महिने तिकडे फिरकलो नव्हतो. फावडं घातलं तर ते एका लादीवर आपटलं. कडेची पानं काळी, बुळबुळीत झालेली, नाकाला रुमाल लावावा असा वास. आणि एकेक पान उलगडत आत गेलो तर मधे कोरडं ठाक. लादीखालचा पालाही जसाच्या तसा, कारण पाणी तिथवर उतरलंच नव्हतं.

गंमत म्हणजे तोवर मला काळजी होती ती शाईची. बाग करणारं कुणीही भेटलं की हाच प्रश्न निघतो. पेपर खतात चालतो का? शाईत शिसं असतं ना? ते भाजीत उतरलं तर?

या शिशाच्या धास्तीला जुना इतिहास आहे. छापखान्यात खिळे जुळवून मजकूर उभा करत, तेव्हा ते खिळे शिसं, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणाचे असत. म्हणजे शिसं होतं, पण ते खिळ्यांत. काळ्या शाईत तेव्हाही मुख्यतः काजळी होती आणि तिला कागदावर धरून ठेवणारं तेल होतं. रंगीत शाईची गोष्ट मात्र वेगळी. पिवळ्या रंगासाठी लेड क्रोमेट वापरलं जायचं, त्यात शिसं खरोखरच असतं. त्यामुळे मागच्या पिढीतल्या बागवाल्यांनी रंगीत पानं बाजूला काढायला सांगितलं, ते काही उगाच नव्हतं.

पुढे खिळे गेले, ऑफसेट छपाई आली. 1970 च्या दशकात खनिज तेलाची टंचाई झाली, तेव्हा अमेरिकेतल्या वृत्तपत्रांनी शाईसाठी दुसरं तेल शोधायला सुरुवात केली आणि 1980 च्या दशकात सोयाबीनच्या तेलाची शाई छपाईयंत्रावर चढली. सगळीच वर्तमानपत्रं ती वापरतात असं नाही, खनिज तेलाच्या शाईही आहेत. पण ढिगातले आणि मातीतले जिवाणू तेलं तोडू शकतात, त्यांना वेळ द्यावा लागतो इतकंच. काजळी पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे मुळं ती पिऊन घेतील ही भीती नको. आजच्या निळ्या शाईच्या रंगद्रव्यात तांबं असतं, पण ते त्या रेणूत घट्ट अडकलेलं असतं. शिवाय अगदी थोडं तांबं झाडाला लागतंच.

आता कुणी विचारेल, मग वर्तमानपत्रात खायचे पदार्थ गुंडाळू नका असं का सांगतात? ते अगदी बरोबर सांगतात. गरम, तेलकट पदार्थ शाईतली तेलं ओढून घेतो आणि तो घास लगेच पोटात जातो. ढिगात तोच कागद काही महिने जिवाणू, बुरशी आणि गांडुळं यांच्या हातून जातो, मग मातीत मिसळतो आणि त्या मातीत आपण रोप लावतो. या दोन वाटा सारख्या नाहीत.

अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या सरकारी नियमांत कंपोस्टसाठी आणि आच्छादनासाठी वर्तमानपत्राला परवानगी आहे. पण गुळगुळीत कागद आणि रंगीत शाई वगळून. घरच्या बागेसाठी रंगांबाबत मी इतका कडक राहत नाही. पहिल्या पानावर एखादा रंगीत फोटो असला तर तो कापून काढायला मी कात्री घेऊन बसत नाही. गुळगुळीत पुरवण्या मात्र ढिगाबाहेर. त्यांच्यावर बारीक मातीचा किंवा चुनखडीच्या भुकटीचा थर दिलेला असतो, पाणी लवकर आत शिरत नाही, कुजायला उशीर लागतो, आणि काहींवर तर प्लास्टिकचा पापुद्रा असतो. फाडताना कडेला पातळ पापुद्रा ताणला गेला की समजायचं. दुकानातून मिळणाऱ्या गुळगुळीत पावत्याही नकोत. नखानं ओरखडा काढा, काळी रेघ उमटली तर तो उष्णतेवर छापणारा कागद. त्याच्या थरात बहुतेक वेळा बिस्फेनॉल जातीची रसायनं असतात, ती ढिगात घालण्याचं काहीच कारण नाही.

तर शाईचा निकाल लागला. माझी लादी का झाली, हे त्यातून कळत नाही.

वर्तमानपत्राचा कागद म्हणजे लाकूड दळून केलेला लगदा, किंवा जुन्या कागदाचा पुन्हा केलेला लगदा. लाकडातलं लिग्निन, म्हणजे लाकडाचे तंतू घट्ट धरून ठेवणारा पदार्थ, त्यात बरंचसं तसंच राहतं. उन्हात पडलेला पेपर पिवळा पडतो तो त्याच्यामुळे. लिग्निन फोडणं हे मुख्यतः बुरशीचं काम, आणि बुरशीला हवा लागते, ओल लागते. शिवाय कागदात कर्ब भरपूर आणि नत्र जवळजवळ नाहीच. ढिगात साधारण 30 भाग कर्बाला 1 भाग नत्र असेल तर काम जोरात चालतं. वर्तमानपत्रात हे प्रमाण शेकड्यांत जातं. नुसता कागद दिलात तर जिवाणूंना इंधन मिळतं, पण स्वतःचं अंग वाढवायला नत्र मिळत नाही. असं अर्धकच्चं खत कुंडीत घातलं की जिवाणू ते नत्र मातीतून उचलतात, आणि रोपाची खालची पानं पिवळी पडतात. मग आपण शाईला शिव्या देतो.

हवा आणि ओल नसली तर कागद किती टिकतो, याचा पुरावा खणून काढणारे लोकही होऊन गेले. विल्यम राथजे या पुरातत्त्वज्ञांनी 1973 मध्ये ॲरिझोना विद्यापीठात कचऱ्याच्या अभ्यासाचा प्रकल्प सुरू केला. पुढे त्यांच्या चमूनं कचरा पुरलेल्या जागा खणल्या, तर कित्येक दशकांपूर्वीची वर्तमानपत्रं वाचता येण्याजोगी निघाली. कोणत्या थरात काय कधी टाकलं, हे ते पेपरवरच्या तारखा पाहून ठरवत! माझं चार महिन्यांचं शब्दकोडं त्यांच्यापुढे काहीच नाही.

आता मी काय करतो ते सांगतो. पेपर उभा फाडतो. आडवा फाडून पाहा, वेडावाकडा जाईल. उभा धरला तर सरसर सरळ पट्टी निघते. कागद बनतानाच त्याचे बरेचसे तंतू एकाच दिशेला लागतात, म्हणून. बोटभर रुंदीच्या पट्ट्या झाल्या की बादलीत बुडवायच्या आणि घट्ट पिळायच्या. पिळलेल्या फडक्याइतकी ओल हवी. मुठीत दाबल्यावर एखाददुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर जास्त. मग त्या हातानं सुट्या करून ओल्या कचऱ्यात आणि कापलेल्या हिरव्या गवतात कालवायच्या. कालवायच्या म्हणतोय, थर द्यायचे नाहीत. थर दिला की पुन्हा लादी.

प्रमाण डोळ्यांनी धरतो. एक घमेलं हिरवं, ओलं; त्याला दोन घमेली सुकं, आणि त्या सुक्यात कागद निम्म्याहून कमी. बाकी वाळलेला पाला आणि बारीक काटक्या, कारण काटक्यांमुळे मधे हवा खेळते आणि कागद मात्र ओला झाला की बसतो. गांडुळांच्या पेटीत तर ओल्या पट्ट्यांचं अंथरूण उत्तमच. काही आठवड्यांत गांडुळं स्वतःच त्या अंथरुणाचं खत करतात.

आणि हो, कोरी करकरीत, घडी न मोडलेली रद्दी मी ढिगात घालत नाही. तिच्यापासून पुन्हा कागद होतो. ढिगात जातो तो ओला झालेला, माती लागलेला, कुंड्यांखाली अंथरलेला पेपर, जो रद्दीवाला घेणारच नाही.

खत झालं की मी ते चाळतो. चाळणीवर कागदाचे तुकडे उरतातच. हातात घेऊन बघतो. अक्षर लागलं तर परत ढिगात.

नमस्कार.