ठिकाण कोणाला ठाऊक?

[दृश्य : तळहातावर चौकोनी डबी. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.]

पडद्यावर दिसणारी ही डबी ५५ मिलिमीटर लांब, तेवढीच रुंद आणि अवघी ७ मिलिमीटर जाड आहे. तिचे वजन सुमारे ४० ग्रॅम भरते. इंग्लंडमधील केंब्रिज येथील ऑलिवेटी संशोधन प्रयोगशाळेत रॉय वाँट, अँडी हॉपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ ते १९९२ या काळात, इमारतीत कोण कुठे आहे हे कळावे म्हणून, छातीवर लावण्याचे जे इलेक्ट्रॉनिक बिल्ले विकसित केले, त्यांच्या मापाबरहुकूम बनवलेली ही प्रतिकृती आहे. त्या प्रणालीचे नाव ‘ॲक्टिव्ह बॅज’. दर १५ सेकंदांनी असा बिल्ला सुमारे एक दशांश सेकंदाचा अवरक्त (इन्फ्रारेड) संकेत सोडतो आणि त्या संकेतातून स्वतःचा क्रमांक सांगतो. आपल्या डोळ्यांना हा प्रकाश दिसत नाही. कॅमेऱ्याच्या संवेदकाला मात्र तो टिपता येतो, म्हणूनच येथे तो जांभळट ठिपक्यासारखा लुकलुकताना दिसतो.

[दृश्य : छताच्या कोपऱ्यातील ग्राहक. दार बंद होते.]

खोलीच्या कोपऱ्यात बसवलेला ग्राहक, म्हणजे संकेत ग्रहण करणारे उपकरण, तो क्रमांक टिपतो आणि जाळ्यातील एक संगणक असे सगळे ग्राहक ओळीने तपासत राहतो. रेडिओऐवजी अवरक्त किरणे निवडण्यामागचे कारण या दृश्यात स्पष्ट होते. ही किरणे भिंतीतून आरपार जात नाहीत, मात्र भिंतींवरून परावर्तित होऊन खोलीभर पसरतात; त्यामुळे संकेत ज्या खोलीत ऐकू आला, त्याच खोलीत बिल्ला आहे, असे खात्रीने म्हणता येते. रेडिओलहरींना भिंतींची तशी अडचण नसते आणि नेमकी तीच गोष्ट येथे गैरसोयीची ठरली असती.

१५ सेकंदांचा आकडाही सहज ठरलेला नाही. संकेत इतका विरळ ठेवल्यामुळे बॅटरी सुमारे वर्षभर पुरते आणि एकाच खोलीतील दोन बिल्ल्यांचे संकेत एकमेकांवर आदळण्याची शक्यता कमी राहते. तरीही दोन बिल्ले योगायोगाने एकाच लयीत आले, तर काय होईल? तर त्यांनी कायम त्याच लयीत राहू नये, म्हणून संशोधकांनी वेळ मोजणाऱ्या मंडलात सुमारे १० टक्क्यांपर्यंत मागेपुढे होणारे भाग वापरले. प्रत्येक बिल्ल्याचे घड्याळ थोडे वेगळे चालते आणि जुळलेली लय थोड्याच वेळात तुटते. स्वस्त भागांतील दोषाचा असा उपयोग करून घेण्याची हातोटी अभियांत्रिकीत क्वचितच पाहायला मिळते. बिल्ल्यावर प्रकाशाला प्रतिसाद देणारा एक घटकही होता. अंधारात, म्हणजे टेबलाच्या खणात ठेवल्यावर, बिल्ला शांत होऊन बॅटरी वाचवत असे. याचा दुसरा अर्थ असा, की ज्याला दिसायचे नाही, त्याने बिल्ला खणात टाकावा. तेवढे पुरेसे होते.

[दृश्य : जुन्या धाटणीच्या पडद्यावर तीन स्तंभांची यादी.]

स्वागतकक्षातील कर्मचाऱ्यासमोर दिसणारी ही यादी नीट पाहावी. पहिल्या स्तंभात नाव आहे, दुसऱ्यात ठिकाण आहे आणि तिसऱ्यात ती व्यक्ती अजून तेथेच असण्याची शक्यता टक्क्यांमध्ये दिली आहे. आलेला फोन कोणत्या खोलीत जोडायचा, हे तो कर्मचारी या तिसऱ्या स्तंभाकडे पाहून ठरवत असे. संगणकाला परिस्थितीची जाणीव करून देण्याच्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नातच ही जाणीव म्हणजे एक अंदाज आहे, हे स्पष्टपणे मांडलेले होते. पुढे बाजारात आलेल्या बहुतेक उत्पादनांतून हा तिसरा स्तंभ गाळला गेला, ही गोष्ट या क्षेत्राच्या इतिहासात जितकी नोंदली जायला हवी, तितकी नोंदली जात नाही.

याच काळात अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात मार्क वायझर सर्वव्यापी संगणनाची कल्पना मांडत होते. ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या सप्टेंबर १९९१ च्या अंकातील त्यांच्या लेखाने संगणक वापरणाऱ्याच्या नजरेआड, त्याच्या भोवतालात विरून जावा, हा विचार दूरवर पोहोचवला. १९९४ मध्ये बिल शिलिट, नॉर्मन ॲडम्स आणि रॉय वाँट यांनी संदर्भ, म्हणजे वापरणाऱ्याची परिस्थिती, ओळखणाऱ्या उपयोजनांची पहिली मांडणी केली, तर २००१ मध्ये अनिंद डे यांनी संदर्भाची व्याख्या इतकी व्यापक केली, की व्यक्ती, ठिकाण किंवा वस्तू यांची परिस्थिती सांगणारी कोणतीही माहिती तिच्यात बसू लागली. व्याख्या रुंद असली, तरी प्रयोगशाळेत प्रश्न अरुंदच राहिला : खोलीतील व्यक्ती नेमकी कुठे आहे आणि ते कोणाला कळावे?

[दृश्य : छतावरील ग्राहकांची ओळ. नंतर एकाच दीपकाचे निकट दृश्य.]

या प्रश्नाची दोन उत्तरे छताकडे पाहिल्यास शेजारी शेजारी दिसतात. पहिल्या रचनेत व्यक्तीजवळचे उपकरण कानाला ऐकू न येणारा उच्च वारंवारतेचा ध्वनी सोडते आणि छतावरील अनेक ग्राहक तो ऐकतात. केंब्रिजमध्येच विकसित झालेल्या ‘ॲक्टिव्ह बॅट’ प्रणालीने याच मार्गाने सुमारे ३ सेंटीमीटरपर्यंत अचूकता गाठली. ही अचूकता विलक्षण आहे. पण गणित इमारतीचा संगणक करतो आणि उत्तरही त्याच्याजवळच राहते.

दुसरी रचना २००० साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील संशोधकांनी ‘क्रिकेट’ या नावाने मांडली आणि तिच्यात भूमिकांची अदलाबदल झाली. येथे छतावरचा दीपक, म्हणजे संकेत सोडणारे उपकरण, बोलतो आणि हातातील उपकरण केवळ ऐकते. दीपक रेडिओसंकेत आणि श्राव्यातीत ध्वनी एकाच क्षणी सोडतो. रेडिओसंकेत जवळजवळ तत्क्षणी पोहोचतो. ध्वनी मात्र सेकंदाला सुमारे ३४० मीटर या वेगाने, म्हणजे एका मीटरला जवळपास ३ मिलिसेकंद घेत, मागून येतो. वीज चमकल्यानंतर गडगडाट किती वेळाने ऐकू आला, यावरून ढग किती दूर आहे हे ताडावे, तसे हे उपकरण दोन्हींच्या आगमनातील फरकावरून अंतर काढते.

[दृश्य : आलेख. पहिली टोकदार लहर, मागून दुसरी, नंतर तिसरी.]

आलेखातील तिसरी लहर ही अडचण आहे. ध्वनी भिंतीवर, टेबलावर आणि काचेवर आपटून उशिरा परत येतो आणि एका दीपकाचा प्रतिध्वनी दुसऱ्या दीपकाच्या रेडिओसंकेताशी जोडला गेला, तर अंतर साफ चुकते. म्हणून दीपक ठरावीक तालात न बोलता अनियमित अंतराने बोलतात, जेणेकरून दोघांची टक्कर झालीच तर ती सतत होत राहू नये. शिवाय ऐकणारे उपकरण एका मापावर विसंबून राहत नाही; अनेक मापे गोळा करून विसंगत मापे ते बाजूला सारते. हे सगळे हातातील उपकरणावर घडते. खाली कोण ऐकत आहे, हे दीपकाला कळत नाही आणि ते कळण्याची त्याला गरजही नसते. आपले ठिकाण कोणाला सांगायचे की नाही, हा निर्णय उपकरण बाळगणाऱ्याकडे राहतो. अचूकतेत पहिली रचना सरस असेल. रचनेतील विचाराच्या दृष्टीने दुसरी अधिक प्रौढ आहे.

[दृश्य : मनगटावर आणि मांडीवर पट्टे बांधलेली स्वयंसेविका जिना चढते.]

ठिकाणाकडून कृतीकडे वळल्यावर संकेत अधिकच गुंतागुंतीचा होतो. या पट्ट्यांमध्ये त्वरणमापक, म्हणजे वेगातील बदल मोजणारे संवेदक, आहेत आणि पडद्याच्या खालच्या भागात धावणाऱ्या रेषा त्यांचीच मापे दाखवतात. लिंग बाओ आणि स्टीफन इंटिल यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २० व्यक्तींच्या अंगावर प्रत्येकी पाच त्वरणमापक बांधण्यात आले होते आणि त्या व्यक्तींनी दैनंदिन कामे करताना आपण काय करत आहोत, याची नोंद स्वतःच ठेवली होती. लहरींचे ६.७ सेकंदांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याची सरासरी, ऊर्जा, वारंवारतांमधील विखुरलेपण आणि दोन अक्षांमधील सहसंबंध काढले गेले, मग निर्णयवृक्षाच्या, म्हणजे टप्प्याटप्प्याने प्रश्न विचारत उत्तरापर्यंत नेणाऱ्या पद्धतीच्या, साहाय्याने २० प्रकारच्या कृती ओळखल्या गेल्या. एकंदर अचूकता ८४ टक्के भरली. मात्र लिफ्टमधून जाणे आणि आळोखेपिळोखे देणे या कृती ओळखताना प्रणाली निम्म्याहून अधिक वेळा चुकली. लिफ्टमध्ये उभा असलेला माणूस आणि नुसता उभा असलेला माणूस यांच्या अंगावरील संकेतांत फरक तो किती असणार? उपयोगाचा निष्कर्ष असा निघाला, की मांडी आणि मनगट या दोनच जागांवरच्या मापांनी काम भागते. अचूकता फार घटत नाही.

[दृश्य : नाण्याएवढे मंडल, त्यावर ॲंटेना.]

आता ही मापे पाठवायची कशी, हा प्रश्न येतो. कमी शक्तीवर चालणाऱ्या ८०२.१५.४ या रेडिओमानकात एका चौकटीत, म्हणजे एका वेळी पाठवायच्या तुकड्यात, जास्तीत जास्त १२७ बाइट मावतात, तर इंटरनेटच्या सहाव्या आवृत्तीतील पत्ते वगैरे असलेले नुसते शीर्षच ४० बाइटचे असते आणि किमान १२८० बाइटचे पाकीट (पॅकेट) वाहून नेण्याची क्षमता त्या नियमावलीला अपेक्षित असते. २००७ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या मानकांनी शीर्षातील सहज ताडता येणारा मजकूर गाळला, उरलेले पाकीट तुकड्यांत वाटले आणि इवल्याशा मंडलाला इंटरनेटचा पत्ता मिळवून दिला. केविन ॲश्टन यांनी १९९९ मध्ये वापरलेला ‘इंटरनेट ऑफ थिंग्ज’ हा शब्दप्रयोग अशाच कामामुळे अक्षरशः खरा ठरू शकला.

अशा जोडणीची किंमतही मोजावी लागली : २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रणालीने मूळ पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेऊन मोठमोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली, आणि घरातील उपकरणांची मापे दूरच्या सर्व्हरवर साठत गेल्याने खासगीपणाचे प्रश्नही उभे राहिले.

[दृश्य : मनगटावरील उपकरणाचा छोटा पडदा.]

संशोधनाचा एक प्रवाह आता अर्थ लावण्याचे काम पुन्हा उपकरणाकडे आणत आहे. रेडिओवरून कच्ची मापे सतत पाठवण्यात बॅटरीचा मोठा वाटा खर्च होतो. त्यापेक्षा कृती ओळखणारे प्रारूप (मॉडेल) आटोपशीर करून, त्यातील संख्या आठ बिटांत बसवून, ते काही शे किलोबाइट स्मृती असलेल्या सूक्ष्मनियंत्रकावर, म्हणजे एका चिपवरच्या छोट्या संगणकावर, चालवणे अनेकदा परवडते. येथे उपकरणाने स्वयंसेविकेच्या हालचालीचा अंदाज ‘जिना चढणे’, ६१ टक्के, असा दाखवला आहे. ती सपाट मार्गिकेत चालत होती. तिने बटण दाबून ‘चालणे’ निवडले आणि ती दुरुस्ती उपकरणाच्या स्मृतीत नोंदली गेली. या संपूर्ण चित्रीकरणाच्या वेळी खोलीतील वायफाय राउटर मुद्दाम बंद ठेवलेला होता.