वय सांगा, जन्मतारीख कशाला?

[पडद्यावर: ई-आधारवरचा क्यूआर कोड, अगदी जवळून]

या चौकोनात नाव, जन्मतारीख, पत्ता, बारीकसा फोटो आणि आधार क्रमांकाचे शेवटचे 4 अंक असतात. त्यांच्या मागोमाग असते यूआयडीएआयची, म्हणजे आधार देणाऱ्या संस्थेची, डिजिटल सही: माहिती त्यांनीच दिली आणि नंतर बदललेली नाही, याचा गणिती शिक्का. आपलं काम त्या सहीशी आहे.

एखाद्या वेबसाइटला एवढंच हवं असतं, की समोरचा 18 पूर्ण आहे का. आपण देतो आख्खं कार्ड. ते कुणाच्या सर्व्हरवर किती वर्षं पडून राहतं, देव जाणे.

1985 मध्ये शफी गोल्डवासर, सिल्व्हिओ मिकाली आणि चार्ल्स रॅकॉफ या संगणकशास्त्रज्ञांनी दाखवलं, की एखादी गोष्ट खरी आहे हे पटवता येतं आणि तरी समोरच्याला त्यापलीकडे काहीच कळत नाही. याचं नाव झीरो-नॉलेज प्रूफ.

[पडद्यावर: फोन क्यूआर स्कॅन करतोय]

'अनॉन आधार' हा ओपन सोर्स प्रकल्प नेमकं हेच करतो. सही तपासायचं आणि वय काढायचं गणित तुमच्याच फोनवर होतं. बाहेर जातो तो फक्त काही शे बाइटचा पुरावा. वेबसाइट तो यूआयडीएआयच्या जाहीर चावीवर (सही तपासण्यासाठी सगळ्यांना खुला असलेला आकडा) पडताळते: सही खरी, वय 18 च्या वर. बस्स. यूआयडीएआयला विचारावंच लागत नाही, त्यामुळे तुम्ही वय कुठे दाखवलंत हे त्यांनाही कळत नाही.

एकाच माणसाने दहा खाती उघडू नयेत म्हणून सोबत एक खूण जाते. ती प्रत्येक वेबसाइटसाठी वेगळी ठेवता येते. मात्र ती बनते क्यूआरमधल्या फोटोवरून, आणि तो फोटो यूआयडीएआयकडेही असतो. म्हणजे तीच खूण त्यांनाही बनवून जुळवता येते; सरकारपासून लपायचं असेल, तर ही खूण पुरेशी नाही.

[पडद्यावर: लॉजच्या काउंटरवर आधारच्या झेरॉक्सचा गठ्ठा]

खरी गोची इथे आहे. सही आहे कागदावरच्या माहितीवर. कागद कुणाच्या हातात आहे, याच्याशी तिला देणंघेणं नाही. झेरॉक्सवरचा क्यूआर स्पष्ट आला असेल, तर ती झेरॉक्स ज्याच्याकडे, तो तुमच्या नावावर पुरावा काढू शकतो. आपण तर झेरॉक्स गावभर वाटून बसलोय!

यावर तोडगा म्हणजे ओळखपत्र फोनच्या सुरक्षित चिपमधल्या चावीला (फोनबाहेर न जाणाऱ्या गुप्त आकड्याला) बांधायचं. गूगलने 2025 मध्ये खुला केलेला 'लाँगफेलो' कोड अशाच ओळखपत्रांसाठी आहे: देणाऱ्याची सही आणि फोनची सही, दोन्ही खऱ्या आहेत हे तो एकाच पुराव्यात दाखवतो, सह्या उघड न करता. क्यूआरची नुसती झेरॉक्स तिथे चालत नाही, फोनच लागतो.