पाचशे सीसीची शर्यत : सर्बिटनच्या गॅरेजपासून अंबडच्या शेडपर्यंत

(दृश्य : कृष्णधवल छायाचित्रं. गॅरेज, कापलेली छोटी मोटार, मोटारसायकलचं इंजिन.)

साल १९४६. महायुद्ध संपलं होतं, पण इंग्लंडमध्ये पेट्रोल अजून रेशनवरच मिळत होतं. लंडनजवळच्या सर्बिटनमध्ये चार्ल्स कूपर यांचं गॅरेज होतं. त्यांचा मुलगा जॉन आणि जॉनचा मित्र एरिक ब्रँडन या दोघांना शर्यतीत पळवायला गाडी हवी होती. रेसिंग कार विकत घ्यायची तर पैसा हवा, आणि पैसा दिला तरी नवी गाडी मिळणार कुठून? कारखाने नुकतेच तोफा-विमानांच्या कामातून मोकळे होत होते.

मग त्यांनी मोडीत निघालेल्या एका फियाट टोपोलिनोचा पुढचा भाग कापून घेतला. दुसऱ्या टोपोलिनोचाही पुढचाच भाग घेतला आणि दोन्ही पाठीला पाठ लावून वेल्डिंगने जोडले. या छोट्या फियाटच्या पुढच्या चाकांना आडव्या पाट्यावरचं स्वतंत्र सस्पेन्शन होतं. दोन पुढचे भाग जोडल्यावर चारही चाकांना तेच सस्पेन्शन आयतं मिळालं. इंजिन घेतलं जॅप कंपनीचं, मोटारसायकलचं, एका सिलिंडरचं, ५०० सीसी. इंजिनापासून गिअरबॉक्सला एक साखळी, गिअरबॉक्सपासून मागच्या ऍक्सलला दुसरी.

आता साखळी आहे म्हटल्यावर इंजिन पुढे ठेवून कसं चालेल? चालकाच्या पायाखालून लांबलचक साखळी न्यायची, ती ताणत राहायची, तुटली की शर्यत संपली. त्यापेक्षा इंजिन चालकाच्या पाठीमागे, मागच्या चाकांना चिकटून बसवलं. त्यामागे मोठं शास्त्र नव्हतं. हाताशी असलेल्या सामानातून सोयीचं जे निघालं ते त्यांनी केलं.

आणि याच सोयीने पुढे सगळ्या रेसिंगचा आराखडा बदलला. इंजिन मागे ठेवण्याचा प्रयोग युद्धाआधी जर्मनीच्या ऑटो युनियनने केला होता, पण त्या राक्षसी ताकदीच्या गाड्या होत्या आणि तो मार्ग युद्धात खुंटला. कूपर मंडळींनी तीच मांडणी छोट्या गाडीत केली आणि ती सोडलीच नाही. हलकी गाडी, वजन मध्यावर, वळणात पटकन दिशा बदलणारी. गाड्या वाढत गेल्या, इंजिनं मोठी झाली, जागा मात्र तीच राहिली. १९५८च्या जानेवारीत अर्जेंटिनाच्या ग्रां प्रीमध्ये इंग्लंडच्या स्टर्लिंग मॉसने जेमतेम दोन लिटर इंजिनाची कूपर घेऊन त्याहून मोठ्या इंजिनांच्या फेरारींना हरवलं. टायर बदलायला तो थांबलाच नाही. शेवटच्या फेऱ्यांत टायरमधलं कापड दिसायला लागलं होतं. जागतिक अजिंक्यपद सुरू झाल्यापासून मागे इंजिन असलेल्या गाडीचा तो पहिला विजय. १९५९ आणि १९६० अशी दोन वर्षं जॅक ब्रॅबम कूपर चालवून जगज्जेता झाला. १९६१मध्ये फेरारीनेही इंजिन मागे नेलं. आज फॉर्म्युला वनची कुठलीही गाडी बघा, इंजिन चालकाच्या पाठीमागेच सापडेल.

म्हणून स्वस्तातल्या रेसिंगला श्रीमंतांच्या खेळाची गरीब नक्कल म्हणणं मला मान्य नाही. मोठ्यांनी पुढे जे गिरवलं, ते आधी या छोट्यांनी करून दाखवलं होतं.

(दृश्य : नाशिकजवळच्या ओझरची धावपट्टी, दुरून. त्यापाठोपाठ नाशिकच्या अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींतल्या शेड.)

मोटारसायकलच्या इंजिनावर स्वस्तात रेसिंग करायची ही कल्पना कुणाच्या डोक्यातून आली, हे नाशिककरांनी मुद्दाम ऐकावं असं आहे. ५०० सीसीच्या गाड्यांची जी चळवळ उभी राहिली, तिचं मूळ ब्रिस्टल शहरात होतं. तिथे विमानांचा मोठा कारखाना. त्यातली मोटारवेडी मंडळी आणि डिक सीझर नावाचा त्यांचा मित्र यांनी सुटसुटीत नियम मांडले : मोटारसायकलचं इंजिन, ५०० सीसीपर्यंत, इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा सुपरचार्जर चालणार नाही. बाकी ज्याने त्याने आपली अक्कल आणि आपला भंगारबाजार वापरावा.

विमानाचा कारखाना जिथे असतो, तिथे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब ठेवणारे टर्नर आणि फिटर असतात, ऍल्युमिनियमची पत्र्याची कामं करणारे हात असतात. आपल्याकडे ओझरला १९६०च्या दशकापासून मिग विमानं बनली, नंतर सुखोई आली. सातपूर-अंबडला इंजिनांचे सुटे भाग, नोझल, मोटारींचे पत्रे, डाय, जिग-फिक्स्चर, काय म्हणाल ते बनतं. महिंद्राच्या गाड्या इथून बाहेर पडतात. ब्रिस्टलला ज्या शिदोरीवर ही चळवळ उभी राहिली, ती शिदोरी नाशिककडे कितीतरी वर्षांपासून आहे.

जागेचा प्रश्न तिथे युद्धानेच सोडवला. वायुदलाला नको झालेली विमानतळं ओस पडली होती. सिल्व्हरस्टोनचा प्रसिद्ध ट्रॅक म्हणजे मुळात बाँबफेकी विमानांचा तळ. केंब्रिजजवळच्या ग्रॅन्सडेन लॉजच्या धावपट्टीवर १९४७च्या जुलैमध्ये ५०० सीसीची शर्यत झाली आणि ती एरिक ब्रँडननेच जिंकली. पुढच्या वर्षी अठरा वर्षांच्या स्टर्लिंग मॉसने कूपर ५०० घेतली. शर्यतीला जाताना मॉस कुटुंब ती गाडी घोडे वाहून नेण्याच्या गाडीतून न्यायचं. तोच पोरगा नंतर जगातल्या सर्वोत्तम चालकांत गणला गेला. १९५०मध्ये मोटार रेसिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने या वर्गाला फॉर्म्युला थ्री असं अधिकृत नाव दिलं.

आणि इथेच घोळ सुरू झाला.

नाव मिळालं, बक्षिसं आली, चुरस वाढली. जॅपपेक्षा नॉर्टन या मोटारसायकल कंपनीचं मँक्स इंजिन वरचढ ठरायला लागलं. नॉर्टन ते इंजिन सुटं विकत नव्हती. मग लोक अख्खी रेसिंग मोटारसायकल विकत घ्यायचे, इंजिन काढून गाडीत बसवायचे आणि उरलेली मोटारसायकल विकून टाकायचे. त्या रिकाम्या सांगाड्यांत ट्रायम्फचं इंजिन बसवून लोकांनी ट्रायटन नावाच्या मोटारसायकली बनवल्या, त्या आजही शौकीन जपून ठेवतात. त्या शौकिनांना आनंद झाला असेल, पण घरच्या गॅरेजात गाडी बांधणारा माणूस या खर्चात मागे पडला. दशक संपेपर्यंत ५०० सीसीचा फॉर्म्युला थ्री विझत आला.

हा फेरा पुन्हा पुन्हा घडलाय. इटलीच्या जॉनी लुरानी यांनी पुढाकार घेतलेला फॉर्म्युला ज्युनिअर १९५८मध्ये सुरू झाला. रोजच्या वापरातल्या मोटारीचं ११०० सीसीपर्यंतचं इंजिन घ्यायचं, म्हणजे खर्च आटोक्यात राहील, अशी कल्पना. पाच-सहा वर्षांत त्या इंजिनांवरही इतकी कारागिरी झाली की स्वस्ताई उरली नाही. अमेरिकेत १९६३मध्ये फॉर्म्युला व्ही मान्य झाला. फोक्सवॅगनच्या बीटल मोटारीचं १२०० सीसी इंजिन, बीटलचाच गिअरबॉक्स, बीटलचंच पुढचं सस्पेन्शन, आणि यात हात घालायला फारशी मुभा नाही. तो टिकला, आजही चालतो. पुढे फॉर्म्युला वनचा जगज्जेता झालेला निकी लाउडा त्यातूनच पुढे गेला.

फॉर्म्युला फोर्डची गोष्ट थोडी थांबून सांगायला हवी. इंग्लंडमधल्या ब्रँड्स हॅच ट्रॅकवरच्या रेसिंग शाळेत शिकाऊ मुलांच्या हातून नाजूक रेसिंग इंजिनं सारखी फुटायची. वैतागून त्यांनी गाड्यांत फोर्ड कॉर्टिनाचं साधं दीड लिटरचं इंजिन टाकलं आणि रस्त्यावरचे रेडियल टायर लावले. गाड्या दिवसभर पळायला लागल्या. यावरून ब्रँड्स हॅचचा कारभार बघणाऱ्या जॉन वेब यांच्या पुढाकाराने नवा वर्ग निघाला. गाडीची किंमत हजार पौंडांच्या आत ठेवायची, असं ठरलं. २ जुलै १९६७ला ब्रँड्स हॅचवर पहिली शर्यत झाली. टायरना पकड बेताची आणि गाडी रस्त्यावर दाबून धरणारे पंख नाहीत, त्यामुळे मागची चाकं घसरायची आणि ती सावरताना चालक तयार व्हायचा. १९८१मध्ये ब्राझीलहून इंग्लंडला आलेला, पुढे जगज्जेता झालेला आयर्टन सेना सर्वांत आधी याच वर्गात पळला.

(दृश्य : चेन्नईजवळचा ट्रॅक. रंगीत सिंगल सीटर गाड्यांची रांग.)

भारतातही सुरुवात धावपट्टीवरच झाली. मद्रासजवळची शोलावरमची युद्धकाळातली धावपट्टी, मुंबईत जुहूचा विमानतळ, कलकत्त्याला बराकपूर. शोलावरमला लोक गर्दी करून यायचे. तिथल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने १९९०मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला कायमचा ट्रॅक बांधला.

पण ट्रॅक असून गाडी कुठली? परदेशी सिंगल सीटर आणायची म्हणजे आयात कर आणि सुट्या भागांची वानवा. कोइंबतूरच्या एस. करिवर्धन यांनी उत्तर काढलं. पाइपांची चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, फायबरची बॉडी आणि चालकाच्या पाठीमागे मारुती ८००चं तीन सिलिंडरचं ७९६ सीसी इंजिन. फॉर्म्युला मारुती! ज्या इंजिनाचा प्रत्येक वॉशर गावातल्या मेकॅनिककडे मिळतो, त्याच इंजिनावर रेसिंग. नारायण कार्तिकेयनने शर्यतीची सुरुवात याच गाडीतून केली आणि २००५मध्ये तो फॉर्म्युला वनमध्ये पळणारा पहिला भारतीय ठरला. करुण चंढोकनेही पुढे जायच्या आधी फॉर्म्युला मारुती गाजवली. हे दोघे पडद्यावर सगळ्या देशाने पाहिले. करिवर्धन यांचं नाव मात्र मोटारवेड्यांच्या बाहेर फारसं कुणाला माहीत नाही, याची मला मनापासून खंत वाटते. १९९५मध्ये विमान अपघातात ते गेले. कोइंबतूरचा ट्रॅक आज त्यांच्या नावाने करी मोटर स्पीडवे म्हणून ओळखला जातो. मारुतीनंतर आलेल्या एलजीबी फॉर्म्युला नावाच्या गाड्यांतही सुझुकीचंच १३०० सीसी इंजिन आहे.

(दृश्य : अंबड एमआयडीसी. शेडमध्ये पाइपांचा अर्धवट सांगाडा, भोवती विद्यार्थी.)

आता नाशिक. इथे सिंगल सीटरसाठी ट्रॅक नाही. राष्ट्रीय रॅलीच्या फेऱ्या आपल्या भागातल्या मातीच्या रस्त्यांवर झाल्या आहेत, त्यामुळे मोटारस्पोर्ट इथल्या माणसाला परका नाही. पण ब्रिस्टलच्या त्या मंडळींच्या सगळ्यात जवळ आज कोण असेल, तर अभियांत्रिकी महाविद्यालयांतले विद्यार्थी संघ. विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी बांधून उतरायच्या फॉर्म्युला स्टुडंट या परदेशी स्पर्धेच्या धर्तीवरची फॉर्म्युला भारत ही स्पर्धा करी स्पीडवेवर होते. इंजिन ७१० सीसीपर्यंत चालतं, पण पेट्रोल गाडीत इंजिनाला लागणारी सगळी हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एकाच तोंडातून आत गेली पाहिजे. पैसा ओतून ताकद वाढवायची वाट या एका भोकाने अडवलीय. ५०० सीसीवाल्यांना हा नियम सुचला असता तर, असं मला राहून राहून वाटतं.

बरेच संघ केटीएम ३९० या मोटारसायकलचं इंजिन घेतात. एक सिलिंडर, ३७३ सीसी, आणि ते बनतं नाशिक-पुणे रस्त्यावरच्या चाकणला. पंचाहत्तरहून जास्त वर्षांनंतरही मोटारसायकलचंच इंजिन, चालकाच्या पाठीमागेच, आणि मागच्या चाकांना साखळीच.

शेडमध्ये चासीचं काम कसं चालतं ते जवळून बघा. पाइपाचं टोक दुसऱ्या पाइपाच्या गोलाईवर नेमकं बसेल असं ग्राइंडरने घासून घेतात. मध्ये उजेड दिसला तर पुन्हा घासायचं, कारण फट राहिली तर वेल्ड तिथेच दगा देतो. मग सगळ्या सांध्यांना फक्त टॅक, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके, मारतात. पूर्ण वेल्ड नंतर, तेही समोरासमोरच्या सांध्यांवर आळीपाळीने. एकाच बाजूने वेल्ड करत गेलं की उष्णतेने चासी ओढली जाते आणि सस्पेन्शनची भोकं जुळत नाहीत. मुलांना हे पुस्तकात सापडत नाही. शेडमधला वेल्डर दाखवतो तेव्हा कळतं.

गाडी तयार झाली की परीक्षा वेगळीच. ती ६० अंशांपर्यंत कलवून बघतात, तेल-पेट्रोलचा थेंब गळता कामा नये. चालकाने पाच सेकंदांत बाहेर पडून दाखवायचं. ब्रेक दाबला की चारही चाकं एकदम लॉक झाली पाहिजेत. एवढं पार पडल्यावर ट्रॅकवर २२ किलोमीटरची एंड्युरन्स, म्हणजे गाडीचा दम बघणारी फेरी, आणि तिथे अर्ध्याहून जास्त रस्ता कापल्यावर एखादा दहा रुपयांचा बोल्ट ढिला होतो.

अंबड-सातपूरच्या वर्कशॉपवाल्यांना या निवेदनातून एकच विनंती. ही मुलं तुमच्याकडे येतात तेव्हा जॉब लहान असतो, नग दोन किंवा चार, ड्रॉइंग कालच बदललेलं असतं आणि पैसे वर्गणीतून जमवलेले असतात. धंद्याच्या हिशेबात तो जॉब बसत नाही, हे खरं आहे. तरी सुट्टीच्या दिवशी दोन तास मशीन द्या. ड्रॉइंगमध्ये टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, चुकीचा असेल तर तोंडावर सांगा. आणि जॉब चढवताना त्यांना मशीनशेजारी उभं राहू द्या.