एका बंदरात एकच गोष्ट

श्रोतेहो, नमस्कार.

हल्ली ओळखीपाळखीत कोणी ना कोणी लांबच्या क्रूझला निघालेलं असतं. मुलं परदेशात, गुडघे अजून चालते आणि भविष्यनिर्वाह निधीचे पैसे बँकेत. मग एक दिवस सकाळच्या चहाला विषय निघतो, जाऊया का? माझं स्पष्ट मत आहे की जावं. आयुष्यभर पोटाला चिमटा काढून साठवलेला पैसा थोडा स्वतःवर खर्च केला, तर नातवंडांचं काही कमी होत नाही. तर जावं. पण जाताना एक गोष्ट मनाशी पक्की करून जावं, आणि तीच सांगायला मी आज आले आहे. एका बंदरात एकच गोष्ट पाहायची. परत सांगते, एका बंदरात एकच गोष्ट.

आम्ही दोघं मुंबईला बॅलार्ड पिअरवर जहाजात चढलो आणि इंग्लंडमध्ये साउदम्प्टनला उतरलो. वाटेत कोची, कोलंबो, सेशेल्स, मॉरिशस, डर्बन, केप टाउन, सेंट हेलेना, लिस्बन. जहाजावरचं जेवणखाण, पोहण्याचा तलाव, संध्याकाळचे कार्यक्रम यांबद्दल तुम्ही पुष्कळ ऐकलं असेल, ते मी सोडून देते. बंदर मात्र वेगळं प्रकरण आहे. जहाज सकाळी लागतं आणि संध्याकाळी सुटतं. उतरायची रांग आणि परतायची घाई वजा केली तर हातात पाच-सहा तास उरतात. तेवढ्यात बसवाले पाच ठिकाणं दाखवतात. खाली उतरा, फोटो काढा, वर चढा. रात्री केबिनमध्ये फोटो बघताना कुठलं देऊळ कुठलं आणि कुठला किल्ला कुठला, हेही आठवत नाही.

म्हणून आदल्या रात्री, दुसऱ्या दिवसाचं छापील पत्रक केबिनच्या दाराशी आलं की आम्ही ठरवायचो, उद्या काय? एकच.

कोचीत आम्ही फक्त सेंट फ्रान्सिस चर्च पाहिलं. वास्को द गामा 1524 साली कोचीतच वारला आणि त्याला तिथे पुरलं होतं. पुढे काही वर्षांनी अस्थी पोर्तुगालला नेल्या. कोचीत राहिला तो दगड, भोवती कठडा घातलेला. आणि प्रवासाच्या शेवटाला लिस्बनमध्ये, टेगस नदीच्या काठच्या जेरोनिमोस मठात, त्याची कोरीव दगडी कबर पाहिली. गोव्याचं आणि आपल्या सगळ्या किनाऱ्याचं नशीब ज्याने फिरवलं, त्याची आधी रिकामी कबर आणि मग भरलेली. दोन बंदरांत दोनच गोष्टी, पण त्यांच्यामध्ये अख्खा समुद्र आम्ही स्वतः पार केला होता. त्या दिवशी मी मठात बराच वेळ उभी होते.

सगळ्याच बंदरांत जहाज धक्क्याला लागत नाही, हेही सांगायला हवं. सेंट हेलेनाला ते बाहेर खोल पाण्यात नांगर टाकतं आणि छोट्या बोटींतून तुम्हाला काठाला नेतात. त्या बोटीला टेंडर म्हणतात. धक्क्यावर आडव्या दांडीला दोर बांधून लोंबते सोडलेले असतात. लाट बोटीला वर उचलते त्या क्षणी दोर पकडायचा आणि पाय टाकायचा. लाटा मोठ्या असल्या तर उतरायला देतच नाहीत, बेट लांबूनच पाहायचं. आम्हाला समुद्राने उतरू दिलं. तिथे आम्ही पाहिला जोनाथन, 1882 साली सेशेल्सहून आणलेलं कासव. आणलं तेव्हाच ते पुरं वाढलेलं होतं. आम्ही गेलो तेव्हा गव्हर्नरच्या बंगल्यासमोरच्या हिरवळीवर शांतपणे चरत होतं. बाकी नेपोलियनचं घर, 699 पायऱ्यांचा तो प्रसिद्ध जिना, सगळं राहिलं. राहू दे.

टेंडरमध्ये बसताना पलीकडच्या गोऱ्या बायका घाबरल्या होत्या. आमचे हे मात्र निवांत. म्हणाले, "जयगडला आम्ही असेच उतरायचो." खरंच आहे. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली कोकण बोट जयगडला, विजयदुर्गला, देवगडला बाहेरच उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, फणस, कोंबड्या सगळं पडावात उतरायचं. ही बोट बंद झाली याचं मला आजही वाईट वाटतं. रस्त्यासाठी डोंगर फोडले, घाटात दरडी कोसळतात, गणपतीला माणसं वीस-वीस तास गाडीत बसतात, आणि शेजारी हा एवढा मोकळा समुद्र आहे. कोकणची प्रवासी बोट नियमित आणि सामान्य माणसाला परवडेल अशी परत सुरू व्हायला हवी. विषय सोडून बोलते आहे, पण संधी मिळाली की हे मी बोलणारच.

तर, पोर्ट लुई. मॉरिशसची राजधानी. मी मुख्यतः हेच सांगायला आले आहे.

मॉरिशसला लोक निळं पाणी आणि पांढरी वाळू बघायला जातात. आम्ही ठरवलं होतं आप्रवासी घाट. बंदरालगतच, चालत जाता येतं. 2 नोव्हेंबर 1834 रोजी भारतातून करारावर आणलेले मजूर मॉरिशसला उतरले आणि पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांच्या वर माणसं आली. उसाच्या मळ्यांत राबायला. बहुतेक बिहारकडची, तमिळ, तेलुगू, आणि मुंबई बंदरातून गेलेली आपली मराठी. रत्नागिरीकडची, साताऱ्याकडची. जहाजातून उतरल्यावर ती ज्या दगडी पायऱ्या चढली, त्या 16 पायऱ्या आजही आहेत. काळ्या दगडाच्या, झिजलेल्या. 2006 साली युनेस्कोने ही जागा जागतिक वारसा म्हणून जाहीर केली.

त्या पायऱ्यांपाशी एक बाई उभ्या होत्या, साठीच्या पुढच्या. बरोबर दहा-अकरा वर्षांची नात. आमचं बोलणं त्यांच्या कानावर गेलं आणि त्या वळून म्हणाल्या, "तुम्ही महाराष्ट्रातून आलात?" मराठी स्वच्छ, पण सावकाश, एकेक शब्द जपून उचललेला. प्राथमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या शिक्षिका. मॉरिशसच्या शाळांमध्ये मराठी हा विषय घेता येतो. घरात सगळे क्रिओल बोलतात, नातही क्रिओलच बोलते, पण गणपती बसतो. तिथे गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते.

हे म्हणाले की आम्ही चिपळूणचे, जिल्हा रत्नागिरी. बाई काही बोलल्याच नाहीत. पर्स उघडली आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेला, चार घड्यांचा एक कागद काढला. मोका गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे, तिथे या मजुरांची जुनी दप्तरं जपून ठेवली आहेत. माणसं तिथे जाऊन आपल्या पूर्वजाची नोंद शोधून तिचा उतारा घेतात. या बाईंच्या खापरपणजोबांचा तो उतारा होता. नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जहाजाचं नाव, जिल्हा रत्नागिरी आणि खाली गावाचं नाव. गाव संगमेश्वर तालुक्यातलं. नाव मी इथे घेत नाही, त्या घरच्यांना तसं विचारलेलं नाही.

आता आमचे हे कोण, तर भूमी अभिलेख खात्यातले निवृत्त भूकरमापक. नोकरीची उमेदीची वर्षं त्यांनी संगमेश्वर तालुक्यात साखळी ओढत काढलेली. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला. म्हणाले, "बाई, हे गाव मी मोजलंय."

त्या बाईंचा चेहरा मी विसरणार नाही. त्यांच्या घरात त्या गावाचं नाव पिढ्यान् पिढ्या माहीत होतं, पण ते गाव पायाखाली घातलेला माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होता.

आम्ही तिथेच सावलीत बसलो. यांनी खिशातलं जहाजाचं ते छापील पत्रक काढलं, उलटं केलं आणि पेन्सिलीने नकाशा काढायला घेतला. आधी नदी. नदीच्या कडेने भातखाचरं. मग चढ, चढावर वाडी, वाडीच्या मधून वाहणारा पऱ्या. ग्रामदेवतेचं देऊळ, त्यामागची राई. वर वरकस जमीन, तिथे नाचणी आणि वरी व्हायची. आणि सगळ्यात वर सडा, काळ्या कातळाचा, पावसाळ्यात फुलांनी भरणारा. बाई एकेक विचारत होत्या आणि हे एकेक रेघ वाढवत होते. पाणी कुठून आणायचे? पऱ्यावरून. गुरं कुठे चरायची? सड्यावर. पाऊस किती? सांगून खरं वाटणार नाही इतका.

मग त्यांनी विचारलं, "ते इथपर्यंत आले, पण गावातून निघाले कसे? समुद्र कुठे आहे?" यांनी पेन्सिल परत नदीवर ठेवली. शास्त्री नदी खाली जयगडला समुद्राला मिळते. त्या काळी घाटमाथ्यावरून मुंबई लांब आणि पाण्याने जवळ. तेव्हा खाडीने पडावात बसून जयगड, तिथून गलबताने मुंबई, आणि मुंबईहून मोठ्या जहाजाने कित्येक आठवडे समुद्रावर. असेच गेले असतील, बहुधा असेच, असं हे म्हणाले. आणि पेन्सिल कागदाच्या कडेला नेऊन तिथे बाण काढून दिला, इकडे समुद्र.

नात इतका वेळ गप्प होती. तिने आजीच्या कानात काहीतरी विचारलं. आजीने आम्हाला सांगितलं, "ती विचारते, घर आहे का अजून?"

हे थोडं थांबले. म्हणाले, "बाळा, मातीचं घर एवढी वर्षं टिकत नाही. पण जोतं टिकतं. घर पडलं तरी जोत्याचे दगड कोणी लगेच हलवत नाही. आमच्या गावांतून अशी किती तरी जोती आहेत. मी गेलो की बघेन."

नंतर त्यांनी आम्हाला बाजारात नेलं आणि उभ्या उभ्या दालपुरी खायला घातली. डाळीचं सारण भरलेली पातळ पोळी, वर रस्सा आणि तिखट चटणी. पैसे देऊ दिले नाहीत. माझं लक्ष घड्याळाकडे आणि यांचं अजून नकाशाकडे, एक वाडी राहिली म्हणून. शेवटी बाईंच्या भाच्याने गाडीने बंदराच्या फाटकाशी सोडलं आणि आम्ही वेळेत शिडी चढलो. नकाशा अर्थातच त्यांच्याकडे राहिला.

त्या दिवशी आमच्या मजल्यावरचे शेजारी दिवसभरात सात जागा बघून आले होते. त्यांना आनंद झाला असेल तर चांगलंच आहे. मला त्यांचा हेवा वाटला नाही.

आता थोडक्यात कामाचं, कारण वेळ संपत आली. जहाज त्याच्या स्वतःच्या घड्याळाने चालतं, बंदरातलं घड्याळ वेगळं असू शकतं. मनगटावर जहाजाची वेळ ठेवा. परत सांगते, जहाजाची वेळ. आपल्या आपण फिरायला गेलात आणि उशीर झाला, तर जहाज थांबत नाही. छापील पत्रकावर बंदरातल्या एजंटचा फोन असतो, ते पत्रक आणि पासपोर्टची प्रत खिशात असू द्या. जहाज एखाद्या देशात दोनदा शिरणार असेल तर व्हिसा अनेक प्रवेशांचा लागतो. हे तिकीट काढण्याआधी विचारा, नंतर नाही. फळं, बिया, घरचं लोणचं घेऊन काठावर उतरू नका, बऱ्याच बेटांवर त्याला मनाई आहे.

परत आल्यावर पाऊस संपला तसे हे त्या गावी गेले. गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी वाडीच्या वरच्या अंगाला तीन बेवारस जोती दाखवली. त्यांतलं कुठलं त्या घराचं, की एकही नाही, हे सांगता येत नाही, आणि यांनी बाईंना तसंच कळवलं. तिन्ही जोत्यांचे फोटो, सड्यावरून दिसणाऱ्या खाडीचा फोटो आणि मोजणीचा नवा, नीट नकाशा पाठवला. खोताच्या घरी मोडीतली जुनी दप्तरं आहेत, पण वाचणारं घरात कोणी नाही. मोडी शाळेत शिकवायला हवी होती, निदान कोकणात तरी. आता हे स्वतः मोडीच्या वर्गाला जातात.

बाईंनी तिकडे ओळखीत सांगितलं असावं, कारण आणखी काही घरांनी आपापले उतारे पाठवले आहेत. संगमेश्वर, राजापूर, लांजा, सगळी आपल्याच जिल्ह्यातली गावं. म्हणून तुम्हाला एक विनंती. तुमच्या गावात एखादं जुनं जोतं असेल आणि घरातली माणसं सांगत असतील की इथले लोक फार पूर्वी समुद्रापार गेले ते परत आलेच नाहीत, तर ते जोतं कोणत्या वाडीत आहे आणि जुनी माणसं त्याला काय म्हणतात, एवढं पोस्टकार्डावर लिहून आकाशवाणीच्या पत्त्यावर पाठवा. पत्रं आमच्यापर्यंत पोचतील. हे उतारे घेऊन बसलेलेच आहेत.

नमस्कार.