रांग त्यांची, पान आपलं

कुठलीही वेबसाइट उघडा आणि सरळ फूटरपर्यंत, म्हणजे पानाच्या तळच्या पट्टीपर्यंत उतरा. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, लिंक्डइन... छोट्या चिन्हांची ओळ दिसेल. आता जरा थांबून बघा. एक भरीव, एक नुसत्या रेषांचं, एक रंगीत, शेजारचं करडं. बाकीचं पान कितीही देखणं असो, इथे घाई झालेली कळते.

अडचण खरी आहे. ही चिन्हं वेगवेगळ्या कंपन्यांनी आपापल्यापुरती आखलेली. यूट्यूबचं चिन्ह आडवं. सगळ्यांना २४ पिक्सेल उंची दिली, तर ते शेजाऱ्यांची जागा खातं. २४ पिक्सेल रुंदीत कोंबलं, तर बुटकं दिसतं. गोल चिन्ह तर त्याच मापाच्या चौकोनाशेजारी लहानच भासतं. म्हणून बाहेरची चौकट सर्वांना सारखी द्यावी आणि आतलं चिन्ह डोळ्यांना पटेपर्यंत थोडं लहानमोठं करावं. हे काम नुसत्या मोजपट्टीवर सोडू नये.

रंगाचं काय? इन्स्टाग्रामची २०१६ पासूनची जांभळी-नारिंगी छटा आपल्या रंगसंगतीत बसत नाही, म्हणून ती हिरवी करण्याचा मोह होतो. तो आवरायलाच हवा. हे दुसऱ्याचं बोधचिन्ह आहे, ट्रेडमार्क आहे. अनेक कंपन्या एकरंगी काळं किंवा पांढरं रूप स्वतःच देतात. फूटरची अख्खी ओळ त्या रूपात ठेवली, की गोंधळ निवळतो. पण लॉगिनच्या पानावर हाच हट्ट चालत नाही. साइन-इनच्या बटणावरचा 'जी' मूळ रंगांतच हवा, असा गूगलचा नियम आहे. तेव्हा एकसारखेपणा त्या-त्या गटापुरता पाळावा, साइटभर लादू नये.

चिन्हं शक्यतो एकाच संग्रहातून घ्यावीत. 'सिंपल आयकॉन्स'मध्ये प्रत्येक चिन्ह २४ बाय २४ च्या चौकटीत, एकरंगी एसव्हीजी रूपात (कितीही लहानमोठं केलं तरी न फाटणाऱ्या चित्राच्या स्वरूपात) मिळतं. मात्र संग्रह मोफत असला, तरी चिन्हावरचा हक्क कंपनीचाच राहतो. तिचे नियम वाचावेच लागतात.

आणि ही चिन्हं कोडमध्ये एकाच जागी ठेवावीत. जुलै २०२३ मध्ये ट्विटरचा पक्षी जाऊन 'एक्स' आला. ज्यांनी पानोपानी वेगळी प्रत चिकटवली होती, त्यांना प्रत्येक पान शोधत बसावं लागलं.

प्रत्येक लिंकला शब्दांत नावही द्यावं. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्याला चिन्ह दिसत नाही. त्याला 'यूट्यूबवरचं आमचं चॅनेल' असं ऐकू यायला हवं.