अडीचचा कंडेन्सर

लालबागमधली चाळ, तिसरा मजला. मे महिन्यातली दुपार. पारा 34च्या आसपास, पण दमटपणा असा, की आंघोळ करून बाहेर यावं आणि पाच मिनिटांत अंग पुन्हा चिकचिकावं.

दहा बाय बाराची ही खोली. पंखा पाचवर आहे, तरी भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान हलत नाही. घरात आता एसी घ्यायचं चाललंय.

त्याआधी एकदा स्टुलावर चढू या.

मेन स्विच बंद. पात्यांच्या कडा बघा, काळ्याकुट्ट. फोडणी याच खोलीत पडते, त्यामुळे धूळ नुसती बसत नाही, तेलात मुरून बसते. उशीचा जुना अभ्रा पात्यावर चढवायचा आणि दाबून पुसत मागे ओढायचा, म्हणजे सगळा कचरा अभ्र्यात राहतो, खालच्या गादीवर पडत नाही. उरलेल्या चिकट्याला साबणाच्या पाण्याचा फडका. पातं वाकू मात्र द्यायचं नाही, नाहीतर पंखा डुलायला लागतो.

आता वरचा कप खाली सरकवला. आत ही छोटी डबी दिसतेय, तो कंडेन्सर. उन्हाळ्यामागून उन्हाळे तापून तो उतरतो, मोटरला जोर मिळत नाही आणि पंखा पाचवरही दोनसारखा फिरतो. याच्यावर 2.5 लिहिलंय, म्हणजे त्याची क्षमता, मायक्रोफॅरडमध्ये. इलेक्ट्रिशियनदादा दुकानात फक्त 'अडीचचा द्या' म्हणतात. दोन वायरी सोडवल्या, नव्याच्या दोन जोडल्या, वर टेप. मेन स्विच चालू.

कॅलेंडरकडे बघा.

पंखा खोली थंड करत नाही. तो अंगावरचा घाम वाळवतो आणि वाळता घाम अंगातली उष्णता घेऊन जातो. मुंबईच्या दमट हवेत घाम आपसूक वाळत नाही, म्हणून इथे वाऱ्याची एवढी गरज. नीट वारा लागला, की उकाडा दोन-तीन अंशांनी उतरल्यासारखा वाटतो. ज्यांच्याकडे एसी आहे, त्यांनीही तो 26-27वर ठेवून सोबत पंखा लावावा. खोलीत कुणी नसेल, तर पंखा बंदच बरा.

साधा पंखा 75 वॅटच्या आसपास, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा पंखा, 30च्या. दीड टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना 1500च्या घरात, म्हणजे वीस साधे पंखे. बिलाचा हिशेब ज्याने त्याने करावा.

या घरी एसीचं तूर्त थांबलंय. आजी पंख्याखाली चटई टाकून आडव्या झाल्यात. कॅलेंडरला खालून कपड्यांचा चिमटा लावलाय.